चुकीचं असतं तर काय दिसलं असतं? गेममधून आलेल्या विज्ञान कादंबऱ्या आणि आपलं संशोधन



आज जरा वेगळा विषय घेतलाय. पेट, सेट, नेटचा अभ्यास चालू असताना कादंबरी वाचावी का? आणि तीही व्हिडिओ गेमच्या दुनियेतून जन्मलेली विज्ञान कादंबरी? आपल्या नांदेड-लातूरकडे हा प्रश्न मोठ्यानं विचारायची सोय नाही. लातूर पॅटर्नमध्ये वाढलेल्या पोराच्या हातात अभ्यासक्रमाबाहेरचं पुस्तक दिसलं की घरचे आधी परीक्षेची तारीख विचारतात. पुस्तकात गेमचा उल्लेख असेल तर मग विषयच संपला.

मीही अशी पुस्तकं लपूनच वाचली. पण त्यातल्या एकानं मला माझ्याच पीएच.डी.मधली एक मोठी चूक दाखवली. ती आधी सांगते, म्हणजे पुढचं सगळं समजेल.

मला न आलेलं उत्तर

माझा विषय फेराइटचा. कोबाल्ट फेराइटमध्ये झिंकचं प्रमाण थोडं थोडं वाढवत सोल-जेल ऑटो-कम्बशन पद्धतीनं नॅनो आकाराची पावडर तयार करायची आणि ती अमोनिया वायूला किती प्रतिसाद देते ते मोजायचं. मी पाच नमुने केले. झिंक वाढत गेलं तसा प्रतिसाद वाढत गेला. एक्सआरडीमध्ये दिसलं की कणांचा आकारही त्याच क्रमानं लहान होत गेलाय. मी खूश. संशोधन सल्लागार समितीपुढे स्लाइड लावली: कण लहान झाले, पृष्ठभाग वाढला, म्हणून प्रतिसाद वाढला. शेकडो पेपरमध्ये हेच वाक्य असतं. मीही तिथूनच उचललं होतं.

समितीतल्या एका मॅडमनी शांतपणे विचारलं, "समजा हे कारण चुकीचं आहे. कणांच्या आकाराचा काही संबंधच नाही, सगळं झिंकमुळे घडतंय. मग तुमच्या आलेखात काय वेगळं दिसलं असतं?"

मी गप्प. कारण खरं उत्तर होतं, काहीच नाही. आलेख असाच्या असा दिसला असता. माझ्या पाचही नमुन्यांत झिंक आणि कणांचा आकार या दोन गोष्टी हातात हात घालून बदलत होत्या. त्यांपैकी कोण काम करतंय हे सांगायची सोय मी ठेवलीच नव्हती. वर्षभराचं काम होतं ते.

त्या रात्री लातूरला घरी आले. आईनं नेहमीसारखं विचारलं, "झालं का गं तुझं?" मी म्हटलं, "होत आलंय." आणि अर्धवट वाचून ठेवलेली कादंबरी उघडली.

टीव्ही गेम आणि लोडशेडिंग

कादंबरीकडे वळण्याआधी थोडं लहानपणाबद्दल. माझ्या वयाच्या मराठवाड्यातल्या पोरांना आठवत असेल, टीव्हीला जोडायचा तो स्वस्तातला गेम आणि त्याची पिवळी कॅसेट. कॅसेटवर हजारो गेम असल्याचं छापलेलं, आत फिरून फिरून तेच पंधरा-वीस. त्यात मारिओ आणि काँट्रा ठरलेले. तेव्हा लोडशेडिंग जबरदस्त होतं. या गेमला सेव्हची सोय नव्हती, त्यामुळे शेवटच्या टप्प्यावर पोचलं आणि लाइट गेली की पुन्हा पहिल्यापासून.

घरात रिमोट एकच चालायचा आणि तो दादाच्या हातात. माझं काम बघण्याचं. पण बघणाऱ्याला एक फायदा असतो, त्याला नियम आधी कळतात. माझ्या लक्षात आलं की पाइपातून वर येणारं ते चावणारं झाड, मारिओ पाइपाला अगदी चिकटून उभा असला की बाहेर येतच नाही. दादाला सांगितलं तर त्याला पटेना. "असं कुठं असतंय व्हय," म्हणाला. मग आम्ही करून बघितलं. दूर उभं राहून दहा वेळा, चिकटून दहा वेळा. माझं बरोबर निघालं.

आता मागे वळून बघितलं तर तो माझा पहिला नीट केलेला प्रयोग होता. एक गोष्ट बदलली, बाकी सगळं तसंच ठेवलं, आणि माझं चुकीचं असतं तर काय दिसेल हे आम्हा दोघांनाही आधीच ठाऊक होतं: झाड बाहेर येईल आणि मारिओ मरेल. आठ-नऊ वर्षांच्या पोरीला जे जमलं होतं ते एम.एस्सी. झालेल्या बाईला समितीपुढे जमलं नाही. मधल्या काळात मी पेपर सोडवायला शिकले होते, प्रश्न विचारायला विसरले होते.

गेममधून कादंबरी कशी आली

हा प्रकार नवा नाही. विल्यम गिब्सनची 'न्यूरोमॅन्सर' १९८४ची. व्हॅंकूव्हरमध्ये पैसे टाकून खेळायच्या मशीनवर वाकून गुंग झालेली पोरं त्यानं पाहिली होती. पडद्याच्या पलीकडे खरीच एखादी जागा असल्यासारखी ती पोरं खेळतात, या निरीक्षणातून त्याची सायबरस्पेसची कल्पना फुलली. नील स्टीफन्सनची 'स्नो क्रॅश' १९९२ची. 'मेटाव्हर्स' हा शब्द तिच्यातला, आणि गेममधल्या आपल्या रूपाला 'अवतार' म्हणायची पद्धत जगभर पसरली तीही बरीचशी या पुस्तकामुळे. म्हणजे जो शब्द माझी आजी कीर्तनातून शिकली, तो मला अमेरिकन कादंबरीतून परत मिळाला.

अर्नेस्ट क्लाइनची 'रेडी प्लेयर वन' २०११ची. तिच्यावर २०१८मध्ये स्टीव्हन स्पीलबर्गनं सिनेमा काढला, त्यामुळे नाव अनेकांना माहीत असेल. खरं सांगते, मला ती मधेमधे कंटाळवाणी वाटली. अमेरिकेतल्या १९८०च्या दशकातली गाणी, सिनेमे, गेम यांच्या आठवणींवर ती उभी आहे, आणि त्या आठवणी माझ्या नाहीत. पण एक गोष्ट घेण्यासारखी आहे. त्यातले खेळाडू एका मेलेल्या गेमकर्त्यानं लपवून ठेवलेलं बक्षीस शोधतात, आणि त्यासाठी त्याचं लिहिलेलं, त्याला आवडलेलं सगळं पुन्हा पुन्हा वाचतात. त्यात जिंकतो तो सगळ्यात बारकाईनं वाचणारा. संदर्भ साहित्याचा आढावा घेणं म्हणजे दुसरं काय असतं?

जिथं चुकीचं गृहीतक जीव घेतं

मी त्या रात्री उघडलेली कादंबरी होती 'द थ्री-बॉडी प्रॉब्लेम'. लेखक लिऊ त्सिशिन. हा माणूस चीनमधल्या एका वीज केंद्रात संगणक अभियंता होता. आपल्या परळीच्या थर्मलमध्ये नोकरी करणाऱ्या कुणीतरी ड्यूटी संपल्यावर कादंबरी लिहावी, तसंच काहीसं. चिनी भाषेत ती २००६मध्ये मासिकातून क्रमशः आली, २००८मध्ये पुस्तक झालं, २०१४मध्ये केन लिऊ यांचा इंग्रजी अनुवाद आला आणि २०१५मध्ये तिला ह्यूगो पुरस्कार मिळाला.

नायक वांग मियाओ हा नॅनोमटेरियलवर काम करणारा संशोधक. हे वाचूनच मी पुस्तक उचललं होतं. त्याला एक गेम सापडतो. त्या गेममधल्या जगात सूर्य कधी नेमानं उगवतो, मावळतो. कधी अचानक दिवसेंदिवस उगवतच नाही आणि सगळं गोठून जातं. कधी इतका मोठा होऊन येतो की सगळं जळून जातं. सूर्य कधी कसा वागेल याचा नियम शोधायचा, एवढंच खेळाडूचं काम. अभ्यासक्रम नाही, गाइड नाही.

त्या जगात एकापाठोपाठ एक विद्वान येतात. कुणी शकुन-चिन्हांवरून पंचांग मांडतो, कुणी विश्वाचं यंत्र बनवतो. प्रत्येक जण पूर्ण खात्रीनं भाकीत करतो. भाकीत चुकलं की आख्खी संस्कृती नष्ट होते, आणि गेम पुढच्या क्रमांकाच्या संस्कृतीपासून पुन्हा सुरू होतो. तिथं गुळगुळीत उत्तर चालत नाही. सिद्धान्त मांडायचा तर उद्या सकाळी काय दिसेल हे सांगावं लागतं. दिसलं नाही तर मरावं लागतं.

एका प्रसंगात तीन कोटी सैनिक मैदानात उभे करून त्यांचाच संगणक बनवतात. तीन सैनिक घ्यायचे. दोघांच्या हातातले झेंडे पाहून तिसऱ्यानं आपला झेंडा काळा की पांढरा उचलायचा ते ठरवायचं. झालं अँड गेट. नियम बदला, ऑर गेट. बी.एस्सी.ला डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स पाठ केलेल्या प्रत्येकानं ती पानं वाचावीत. ट्रुथ टेबल डोळ्यांसमोर चालायला लागतं.

आणखी एक गोष्ट आहे, जी कदाचित लातूरच्याच वाचकाला अशी भिडेल. त्या जगातली माणसं वाईट काळ आला की अंगातलं पाणी काढून टाकतात, वाळलेल्या कातड्यासारखी गुंडाळून कोठारात ठेवली जातात. चांगला काळ आला की पाण्यात टाकून पुन्हा जिवंत करायचं. मी ते वाचलं आणि थांबले. २०१६च्या एप्रिलमध्ये मांजरा धरण कोरडं पडलं होतं आणि मिरजेहून रेल्वेनं आमच्या शहराला पाणी आलं होतं. आमच्या गल्लीत टँकरच्या दिवसावरून सगळी कामं ठरायची. चांगला काळ कधी येणार हे न कळता वाट बघणं म्हणजे काय, हे त्या पानांसाठी मला वेगळं समजून घ्यावं लागलं नाही. नियम माहीत नसणं ही नुसती बौद्धिक अडचण नसते, हे लातूरकराला सांगायला नको.

पॉइंकारेची महागडी चूक

कादंबरीचं नाव ज्या गणितावरून आलं ते खरं आहे. दोन वस्तू एकमेकींना गुरुत्वाकर्षणानं ओढत असतील तर त्यांचा मार्ग नेमका काढता येतो. न्यूटननं १६८७च्या 'प्रिन्सिपिया'मध्ये ते केलं. तिसरी वस्तू आली की गणित हाताबाहेर जातं.

स्वीडनचा राजा दुसरा ऑस्कर याच्या साठाव्या वाढदिवसानिमित्त एक गणिती स्पर्धा ठेवली होती. त्यातला एक प्रश्न या घराण्यातला होता. १८८९मध्ये बक्षीस मिळालं फ्रान्सच्या आन्री पॉइंकारेला. निबंध छापून तयार होत असताना संपादनाचं काम करणाऱ्या फ्राग्मेन नावाच्या तरुण गणितज्ञानं काही ठिकाणी खुलासा मागितला. खुलासा देता देता पॉइंकारेच्याच लक्षात आलं की एका जागी मोठी चूक झालीय. छापलेल्या प्रती परत मागवल्या गेल्या आणि नव्या छपाईचा खर्च पॉइंकारेनं भरला. बक्षीस होतं २५०० क्रोनर, खर्च आला ३५८५ क्रोनर. म्हणजे बक्षीस जिंकून माणूस तोट्यात.

पण ती चूक दुरुस्त करताना त्याला जे दिसलं ते त्या बक्षिसापेक्षा मोठं होतं. सुरुवात किंचितशी बदलली तरी पुढचा मार्ग पार वेगळा होऊ शकतो. आज आपण ज्याला केऑस म्हणतो त्याची पायाभरणी तिथं झाली. एका कनिष्ठ माणसानं विचारलेला खुलासा, आणि तो प्रामाणिकपणे द्यायची तयारी. समितीतल्या मॅडमचा प्रश्न मला त्या दिवशी अपमानासारखा लागला होता. पॉइंकारेची गोष्ट वाचल्यावर वाटलं की तो फुकट मिळालेला खुलासाच होता.

हे तुम्ही स्वतः करून बघू शकता. पायथॉनमध्ये तीन वस्तूंचा प्रोग्राम चाळीस-पन्नास ओळींत होतो. मी साध्या लॅपटॉपवर केला. दोनदा चालवला, दुसऱ्यांदा एका वस्तूची जागा दशांशानंतरच्या सहाव्या अंकात बदलली. सुरुवातीला दोन्ही मार्ग एकमेकांवर बसतात. मग सुटतात, आणि नंतर ओळखही लागत नाही.

कादंबरीलाही तोच प्रश्न विचारा

आता महत्त्वाचं. विज्ञान कादंबरीतलं सगळं विज्ञान खरं मानायचं नाही. तिलाच तपासायचं.

या कादंबरीतलं ते तीन सूर्यांचं जग आपल्या शेजारच्या अल्फा सेंटॉरीमध्ये आहे, असं लेखकानं मानलंय. बघू या प्रत्यक्ष काय आहे. अल्फा सेंटॉरीचे ए आणि बी हे दोन तारे एकमेकांभोवती सुमारे ८० वर्षांत एक फेरी घालतात. त्यांच्यातलं अंतर पृथ्वी-सूर्य अंतराच्या साधारण ११ ते ३६ पट बदलतं. तिसरा तारा प्रॉक्झिमा मात्र त्याच अंतराच्या सुमारे १३,००० पट लांब आहे. त्याची एक फेरी व्हायला साडेपाच लाख वर्षांच्या आसपास लागतात. घरात नवरा-बायको राहतात आणि तिसरा भाऊ परगावी, दिवाळीलाही येत नाही, अशी ही मांडणी. खगोलशास्त्रात तिला श्रेणीबद्ध रचना म्हणतात आणि ती बरीच स्थिर असते. म्हणजे कादंबरीतला तो गोंधळ खऱ्या अल्फा सेंटॉरीत होणार नाही.

मग कादंबरी फसली का? नाही. लेखकानं 'समजा' म्हटलंय आणि त्या 'समजा'शी तो शेवटपर्यंत इमान राखतो. पण हा तपास मला अर्ध्या तासात जमला, आणि तो करताना मी जे केलं तेच पेपर वाचताना करायचं असतं: दावा कोणता, तो कशावर उभा आहे, आणि खरा नसता तर काय दिसलं असतं. हे मी नामांकित जर्नलमधल्या पेपरला विचारायला घाबरत होते. कादंबरीला विचारताना भीती वाटली नाही. सराव तिथं झाला.

धारावीची सेनापती आणि पेपरची शेती

नियम शोधणं ही एक गोष्ट झाली. नियम कुणी केले आणि कुणाच्या फायद्याचे आहेत, हा दुसरा प्रश्न. त्यासाठी कोरी डॉक्टरोची 'फॉर द विन' वाचा. २०१०ची आहे, आणि लेखकानं ती क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोकळी ठेवलीय, त्यामुळे उतरवून वाचली तरी चोरी नाही. फेलोशिप अडकलेल्यांसाठी मुद्दाम सांगतेय.

या कादंबरीचा एक मोठा भाग आपल्या मुंबईत, धारावीत घडतो. गावाकडून आलेली माला नावाची मुलगी तिथल्या कॅफेत गेम खेळते आणि इतकी तरबेज होते की पोरं तिला सेनापती मानतात. मग एक माणूस तिला पैसे देऊन कामाला लावतो: गेममध्ये अमुक लोकांवर हल्ले कर. ते लोक म्हणजे दूरच्या देशांतले तिच्यासारखेच गरीब खेळाडू. ते दिवसरात्र कंटाळवाणं खेळून गेममधलं सोनं गोळा करतात आणि ते खऱ्या पैशाला विकलं जातं. या धंद्याला इंग्रजीत सोन्याची शेतीच म्हणतात, आणि तो कल्पनेतला नाही, खराच चालायचा. पुढे ही पोरं आपली संघटना बांधायला निघतात.

रिमोटसाठी रांगेत थांबलेल्या माझ्यासारखीला माला आवडणारच. पण मला टोचलं ते वेगळंच. सोन्याची शेती वाचताना मला पेपरची शेती आठवली. पैसे भरले की आठवड्यात छापून देणारी जर्नल्स तुम्हाला माहीत आहेत. एकाच नमुन्याच्या मोजमापाचे तीन तुकडे करून तीन पेपर करणारेही माहीत आहेत. यादी वाढते, गुण वाढतात, ज्ञान काडीचं वाढत नाही. मीही तो विचार केला होता, खोटं कशाला बोलू. माझ्या त्या पाच नमुन्यांचा पेपर कुठंतरी नक्की छापून आला असता. तो खेळ खेळायचा की नाही हे पीएच.डी.च्या पहिल्याच वर्षी ठरवावं लागतं, आणि आधी तो खेळ आहे हे दिसावं लागतं.

नारायण विनायक जगताप कोण?

कुणी म्हणेल, गंभीर संशोधकानं असल्या गोष्टींत वेळ घालवावा का? १९७४मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत 'कृष्णविवर' नावाची कथा आली. लेखक नारायण विनायक जगताप. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. हे जगताप म्हणजे डॉ. जयंत विष्णू नारळीकर. आद्याक्षरं उलटी करून त्यांनी ते नाव घेतलं होतं. तेव्हा ते टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम करत होते आणि जगभर नाव झालेलं होतं. नाव बघून बक्षीस मिळू नये, कथा बघून मिळावं, हा हेतू.

मित्रांनो, नाव झाकून केलेल्या परीक्षणाचं, म्हणजे ब्लाइंड रिव्ह्यूचं, यापेक्षा चांगलं मराठी उदाहरण माझ्याकडे नाही. स्वतःच्या कामाला स्वतःच्या नावाचा आधार काढून घ्यायचा आणि मग ते उभं राहतं का ते बघायचं. इथंही प्रश्न तोच आहे: माझं काम खरंच चांगलं नसतं तर काय झालं असतं?

आणि गेम म्हणजे निव्वळ टाइमपास असं वाटत असेल तर २०२४चं रसायनशास्त्राचं नोबेल बघा. प्रथिनांच्या रचनेच्या कामासाठी ते तिघांना मिळालं. त्यातले डेमिस हसाबिस यांनी पोरवयात 'थीम पार्क' नावाचा गेम बनवण्यात हातभार लावला होता. दुसरे डेव्हिड बेकर. त्यांच्या गटानं २००८मध्ये सहकाऱ्यांबरोबर 'फोल्डिट' हा गेम काढला. त्यात सामान्य माणसं कोडं सोडवल्यासारखं प्रथिन दुमडतात. माकडांमधल्या एड्ससारख्या आजाराशी संबंधित विषाणूच्या एका एन्झाइमची रचना शास्त्रज्ञांना वर्षानुवर्षं सुटत नव्हती. फोल्डिटच्या खेळाडूंनी काही आठवड्यांत तिची वाट मोकळी केली, आणि २०११मध्ये त्यावर पेपर आला.

मग वाचायचं कसं?

आता कामाचं बोलू.

१. परीक्षा दोन महिन्यांवर असेल तर कादंबरी बाजूला ठेवा. उगाच माझं नाव सांगू नका. एरवी झोपण्यापूर्वी अर्धा तास पुरे. मोबाइलवर गेम खेळत बसण्याचा आणि गेमवरची कादंबरी वाचण्याचा फरक हा की कादंबरीतला धडा संपतो.

२. इंग्रजीला घाबरू नका. मी मराठी माध्यमातली. पहिली तीस पानं मला आठवडा लागला. प्रत्येक शब्द शोधू नका. जो शब्द तिसऱ्यांदा आडवा येतो तेवढाच शोधा. पेपरचं इंग्रजी माझं यातूनच सुधारलं, कारण गोष्टीत पुढं काय झालं हे कळायची घाई असते.

३. वहीत तीन रकाने करा. पहिल्यात: या जगाचा कोणता नियम कळला. दुसऱ्यात: कशावरून कळला. तिसऱ्यात: तो नियम चुकीचा असेल तर पुढच्या पानांत काय दिसायला हवं. मग पुढं वाचा आणि बघा. तिसरा रकाना सुरुवातीला रिकामाच राहतो. राहू द्या, पण आखून ठेवा.

४. प्रत्येक पुस्तकातला एक तरी वैज्ञानिक दावा स्वतः तपासा. आकडे काढा, जमलं तर प्रोग्राम लिहा.

५. आणि मग तीच वही घेऊन आपल्या विषयातला एक पेपर वाचा. तेच तीन रकाने. शेवटची पायरी गाळली तर बाकीचं सगळं नुसतं मनोरंजन. त्यातही वाईट काही नाही, पण मग त्याला अभ्यास म्हणू नका.

माझ्या नमुन्यांचं काय झालं

मी नवीन नमुने केले. या वेळी झिंकचं प्रमाण एकच ठेवलं आणि पावडर वेगवेगळ्या तापमानाला भट्टीत तापवली. तापमान वाढवलं की कण मोठे होतात, झिंक तेवढंच राहतं. म्हणजे पाइपाला चिकटून दहा वेळा, दूर राहून दहा वेळा. कणांचा आकारच सगळं करत असेल तर कण मोठे झाल्यावर प्रतिसाद घसरायला हवा होता. आकाराचा संबंध नसेल तर तो जवळपास तसाच राहायला हवा होता. हे मी भट्टी लावायच्या आधी वहीत लिहून तारीख टाकली.

प्रतिसाद घसरला, पण मी म्हणत होते तेवढा नाही. निम्म्याहून थोडा जास्त टिकला. म्हणजे आकाराचा वाटा आहे आणि झिंकचाही आहे. माझं गृहीतक अर्धं पडलं. पुढच्या बैठकीत मी ते तसंच सांगितलं, पडलेल्या अर्ध्यासकट. मॅडमनी मान हलवली आणि लगेच पुढचा प्रश्न विचारला: झिंकमुळे होतं म्हणता, तर नेमकं काय होतं? त्याचं उत्तर अजून माझ्याकडे नाही. पण या वेळी गप्प बसले नाही. ते चुकीचं ठरलं तर काय दिसेल हे सांगून आले.

प्रबंधाला सहा महिने उशीर होणार आहे. आईला ते सांगितलं. दादा शेजारीच बसला होता, म्हणाला, "म्हणजे लाइट गेली म्हण की." मी म्हटलं, हो. पण या वेळी कुठपर्यंत आले होते ते वहीत लिहिलेलं आहे.

भेटू पुढच्या लेखात. तोवर वहीत तिसरा रकाना आखून ठेवा.